बोर्ड लावलाय, मग उत्तर द्या!

परवा मडगावात एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. हॉटेल हिंदूचं, नाव सांगत नाही. सोबत शाळेपासूनचा मित्र, मुसलमान. दारावर ठळक अक्षरांत 'हलाल' लिहिलेलं. तरी मित्राने पोऱ्याला हळूच विचारलं, "चिकन कुठून आणता?" पोऱ्या आत गेला आणि मालकच बाहेर आला. "बोर्ड दिसत नाही? विश्वास नसेल तर तुमच्या लोकांच्या हॉटेलात जा!" मित्र मुकाट्याने उठला. मीही उठलो.

आता त्या मालकाला माझा सवाल. बाबा रे, सोमवारी तू शिवराक असतोस ना? किरिस्तांव मित्राकडे जेवायला गेलास की 'भांडी वेगळी आहेत ना?' असं विचारतोसच. तो तुझ्या अंगावर येतो का? तुझा प्रश्न म्हणजे सोवळं, आणि त्याने विचारलं की अविश्वास?

हॉटेलमालकाचा धर्म कोणता, हे हलालच्या नियमांत येत नाही. जनावर कोणी कापलं, अल्लाचं नाव घेतलं का, रक्त वाहून गेलं का, हे बघतात. मासळीला तर कापण्याचा हा नियमच नाही; म्हणून तोच मित्र माझ्या घरी हुमण-भात निर्धास्त ओरपतो. पण गोव्यात प्रश्न मांसापाशी संपत नाही. ज्या तव्यावर सकाळी चोरीस परतले, त्यावरच दुपारी चिकन भाजलं तर नुसत्या बोर्डाला काय अर्थ? मग विचारायचं नाही तर काय करायचं?

दुसरी बाजूही बोलतो, मित्राला राग आला तरी चालेल. काही मुसलमान म्हणतात, हिंदूच्या हॉटेलातलं हलाल खोटंच असणार. का? फसवणारा कुठल्याही धर्माचा असू शकतो. प्रश्न विचारायचा तर दोघांनाही विचारा. २०२२ साली उगादीच्या वेळी कर्नाटकात हिंदू संघटनांनी हलाल मांसावर बहिष्काराची हाक दिली. दोघांचं गणित एकच: ताटातलं राहिलं बाजूला, आधी विकणाऱ्याची जात बघायची.

आणि सरकारं? नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशने हलाल प्रमाणपत्राच्या मालावर बंदी घातली, पण निर्यातीचा माल वगळला! म्हणजे परदेशातल्या मुसलमानाने विचारलं तर तो गिऱ्हाईक, आणि शेजारच्याने विचारलं तर तो कटकट्या.

हलालचा बोर्ड लावायची सक्ती तर कुणी केली नव्हती. लावला तो धंद्यासाठी, आणि त्यात गैर काहीच नाही. पण बोर्ड म्हणजे दिलेला शब्द. मुसलमानाचे पैसे हवेत आणि त्याचा प्रश्न नको, हे कसं चालेल? कोंबडी कुठली, कापतो कोण, तवा वेगळा आहे का, एवढी तीन उत्तरं द्यायला दोन मिनिटं पुरतात. देता येत नसतील तर बोर्ड उतरवा.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच तिथे जाणार आहे, आणि तोच प्रश्न विचारणार आहे. बघू, मला कुठल्या लोकांच्या हॉटेलात पाठवतो ते!