संमतीचा कागद आणि मणक्यातील सुई

लेण्याद्रीचा गिरिजात्मज तीनशेच्या आसपास पायऱ्या चढल्यावाचून दर्शन देत नाही. अष्टविनायकांपैकी डोंगरातील लेण्यात विराजमान असलेला हा एकच गणपती. डोलीची सोय आहे. परंतु पायी चढण्याचा आपल्या ज्येष्ठांचा आग्रह सुटत नाही. मग सायटिकेने बेजार झालेले गृहस्थ यात्रेपूर्वी 'कमरेत एक इंजेक्शन घेऊन टाकू' असे सहज बोलून जातात. हा सहजपणाच चिंतेचा विषय आहे.

मणक्यातील चकती सरकून मज्जातंतूचे मूळ दाबले जाते, तेथे दाह होतो. स्टिरॉइड तो दाह शमविते, सरकलेली चकती जागेवर आणीत नाही. लाभ होतो, पण बहुधा काही आठवड्यांचा. बहुसंख्य रुग्णांची वेदना तर विश्रांती, व्यायाम आणि साध्या औषधांनी दोन-तीन महिन्यांत ओसरते.

गंभीर अपाय विरळा, हे मान्यच. तथापि २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या इंजेक्शनांमुळे क्वचित दृष्टिनाश, पक्षाघात व मृत्यूही ओढवतो, असा इशारा दिला. मानेच्या भागात कणयुक्त औषध चुकून रोहिणीत शिरले, तर मेंदूचा वा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्यापूर्वी २०१२ मध्ये त्याच देशात एका औषधनिर्मात्याच्या बुरशीयुक्त कुप्यांमुळे सुमारे साडेसातशे जण आजारी पडले, साठांहून अधिक दगावले. तेथे सुई धरणारा हात चुकला नव्हता, कुपीच दूषित होती! म्हणून औषधाचे नाव व कुपीचा क्रमांक केसपेपरवर लिहून घेण्यात संकोच कसला?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात उपचाराचे स्वरूप, पर्याय व ठळक धोके सांगूनच संमती घ्यावी, असे बजावले. अगदी दूरचे धोके सांगण्याचे बंधन मात्र ठेवले नाही. आमच्या मते विचारणाऱ्यास तेही सांगावेत, आणि मराठीत सांगावेत. इंग्रजी कागदावर घाईने उमटविलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

रुग्णाचेही कर्तव्य आहे. मधुमेह असल्यास साखर काही दिवस वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास मणक्यात रक्तस्राव संभवतो. हे लपवू नये, आणि ती गोळी परस्पर बंदही करू नये. सुई क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून टोचणार काय, हेही विचारावे.

एका प्रसंगी मात्र थांबणे नाही आणि इंजेक्शनही नाही. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली वा पायातील बळ गेले, तर जुन्नरहून त्याच दिवशी पुण्याचा रस्ता धरावा.