पालीची बाजू

'पाल' हा शब्द कानीं पडतांच पुष्कळांच्या अंगावर शहारा येतो. मनांत संशय आला कीं 'पाल चुकचुकली' असें आपण म्हणतों. ती अंगावर पडली तर पंचांगांत शुभाशुभ फळ शोधतों. आणि भिंतीवर दिसली तर हातीं केरसुणी घेतों. अशा या तिरस्कृत प्राण्याची बाजू मांडण्याचें आज योजिलें आहे. विद्यार्थिबंधुभगिनींनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं ती शांतपणें ऐकून घ्यावी, एवढीच विनंती.

हिंदी महासागरांत, मादागास्करच्या पूर्वेस ५०० मैलांहून अधिक अंतरावर, मॉरिशस नांवाचें बेट आहे. सन १८३४ नंतर मजुरीचा करार करून जे लोक हिंदुस्थानांतून तेथें गेले, त्यांत मराठी माणसेंही होतीं व त्यांचे वंशज आजही तेथें नांदत आहेत. म्हणून हें नांव आपणांस अगदींच परकें नाहीं. हें बेट ज्वालामुखीच्या उद्रेकांतून सुमारें ८० लक्ष वर्षांपूर्वीं समुद्राबाहेर आलें. कोणत्याही खंडाशीं तें कधींच जोडलेलें नव्हतें. मग तेथें पाल पोहोंचली तरी कशी?

याचें उत्तर पालीच्या अंड्यांत आहे. पुष्कळ जातींच्या अंड्यांना चुन्याचें कठीण कवच असतें. वादळानें उन्मळलेला वृक्ष प्रवाहाबरोबर वाहत गेला, कीं त्याच्या ढोलींतील अंडीं किंवा सालींत दडलेली पाल त्याबरोबर जाते. असा प्रवास लाखों वर्षांत एकदां साधला तरी पुरे! मॉरिशस, रियुनियन व रॉड्रिग्ज या ३ बेटांवरील 'फेल्सुमा' वंशाच्या, म्हणजे दिवसा वावरणाऱ्या, पालींचें आनुवंशिक द्रव्य तपासून शास्त्रज्ञांनीं असा निष्कर्ष काढला आहे कीं, येथील मूळच्या सर्व जाति मादागास्करहून आलेल्या एकाच पूर्वजापासून झाल्या.

पुढें काय घडलें? कोणी कोरड्या किनाऱ्यावर राहिल्या, कोणी पावसाळी डोंगरांत, तर कोणी उंच वृक्षांवर. ज्या ठिकाणीं जो गुण उपयोगी, तो असणाऱ्यांची संतति अधिक वाढली आणि पिढ्यान् पिढ्या हा भेद वाढत जाऊन जाति निराळ्या झाल्या. आज मॉरिशसमध्यें या वंशाच्या ५ जाति आहेत. बहुतेक पाचूसारख्या हिरव्या व अंगावर तांबडे ठिपके मिरविणाऱ्या. एक मात्र करड्या रंगाची आणि सुमारें १ फूट लांब.

'पाल ती पाल; एखादी जात गेली तर काय बिघडलें?' असें कोणी विचारील. त्यास उत्तर 'रूसिया' नांवाची मॉरिशसची एक वेल देते. तिच्या फुलांतील पराग एकीकडून दुसरीकडे नेण्याचें व तिचें बीज पसरविण्याचें काम एक हिरवी पालच करते. पाल गेली, कीं वेलही संकटांत आलीच.

आणि पाली गेल्या आहेत, हीच दुःखाची गोष्ट. रॉड्रिग्ज बेटावर या वंशाच्या २ जाति होत्या. एकीचा शेवटचा उल्लेख सन १८४२ चा, दुसरीचा सन १९१७ चा. मनुष्याबरोबर आलेल्या उंदीर-मांजरांपुढें त्यांचा टिकाव लागला नाहीं. मॉरिशसवरील रात्रीं फिरणाऱ्या 'नॅक्टस' नांवाच्या लहान पाली आतां मुख्य बेटावर उरल्या नाहींत. जवळच्या बेटुकल्यांवरच काय त्या जीव धरून आहेत. त्यांना हुसकावण्यांत जिचा हात आहे, ती आपल्याकडे घरांत दिव्यापाशीं किडे टिपणाऱ्या पालींपैकींच एक जात! जहाजांतील मालाबरोबर ती देशोदेशीं पसरली.

माझ्या मतें सर्व बोध याच गोष्टींत आहे. जी पाल आपल्या भिंतीवर निरुपद्रवी, किंबहुना उपकारक, तीच परक्या बेटावर अनर्थास कारण झाली. दोष तिचा नव्हे; तिला नकळत तेथें नेणाऱ्या मनुष्याच्या बेफिकिरीचा आहे.

परंतु निराश होण्याचें कारण नाहीं. मॉरिशसच्या उत्तरेस राउंड नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. तेथें सोडलेल्या बकऱ्यांनीं व सशांनीं झाडी खाऊन फस्त केली व माती वाहून गेली. सन १९७९ पर्यंत बकऱ्या व सन १९८६ मध्यें ससे हटविण्यांत आले. झाडी पुन्हा वाढूं लागली, आणि वर सांगितलेली करडी मोठी पाल तेथें टिकून राहिली. बिघाड जसा मनुष्यानें केला, तशी दुरुस्तीही त्यालाच करतां आली. मात्र रॉड्रिग्जच्या त्या दोन जाति कितीही पश्चात्ताप केला तरी परत येणार नाहींत. जें घडण्यास लाखों वर्षें लागलीं, तें पुसून टाकण्यास एक-दोन शतकें पुरलीं.

तरी, बालमित्रांनो, आज सायंकाळीं दिव्याजवळ पाल दिसली तर केरसुणी दूर ठेवा. ती किडा कसा हेरते, गुळगुळीत भिंतीवर पाय कसे रोंवते, हें घटकाभर पाहा व वहींत टिपून ठेवा. आणि वडील मंडळींनीं मुलांना या कामीं दटावूं नये, उलट त्यांच्याबरोबर आपणही पाहावें. तिरस्कारापेक्षां निरीक्षणानें मनुष्य अधिक शहाणा होतो, अशी माझी खात्री आहे.