मार्चमध्ये फेकलेल्या कुंड्या

न्यू जर्सीत राहणारी माझी धाकटी बहीण ऑक्टोबर लागला की जास्वंदीची कुंडी घरात घेते, डेलियाचे कंद उकरून तळघरात ठेवते आणि कोलियसचे शेंडे खुडून पाण्याच्या ग्लासात लावते. पहिली गोठवणारी रात्र आली की बाहेर राहिलेलं सगळं सकाळपर्यंत काळं पडतं. डेलिया मूळची मेक्सिकोची, सदाफुली मादागास्करची. उबदार मुलखातल्या या झाडांना बर्फ माहीतच नाही. आपल्या देशी ती वर्षानुवर्षं जगतात, तिच्या अंगणात सहा महिने. तिकडच्या कृषी खात्याने १९६० पासून त्यासाठी नकाशाच काढलाय. वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी किती थंड असते, त्यावरून देशाचे तेरा पट्टे पाडलेत. २०२३ च्या आवृत्तीत जवळजवळ अर्धा देश अर्ध्या पट्ट्याने उबदार निघाला. झाड घेण्याआधी बहीण आपला पट्टा बघते आणि ते बरोबरच आहे.

पण तोच हिशेब पुण्यात कशाला? आमच्या सोसायटीत नोव्हेंबरला ‘सीझनल’ येतात आणि मार्चला गेटपाशी त्यांची रास पडते. झिनिया, कॉसमॉस, झेंडू गेले तर माझं काही म्हणणं नाही, त्यांचं आयुष्यच तेवढं. पण त्याच राशीत जिरॅनियम असतं, कोलियस असतो, डेलियाचे टपोरे कंद मातीसकट पडलेले असतात. सगळं जिवंत! पुण्यात पारा सर्वांत खाली गेला तो जानेवारी १९३५ मध्ये, १.७ अंशांवर. म्हणजे थंडीने मरणारं झाड आपण थंडी संपल्यावर, स्वतःच्या हाताने मारतो आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा विकत आणतो.

आपल्याकडे या झाडांचा काळ वेगळा आहे. देशावर जुलैचं साचलेलं पाणी, विदर्भात मे महिन्याचं ऊन. जिरॅनियम दक्षिण आफ्रिकेचं, त्याला कोरडी माती लागते. पावसाळ्यात ते गॅलरीत छपराखाली सरकवलं आणि मातीत जाड वाळू सढळ हाताने मिसळली की पुण्यात टिकतं. कोकणात मात्र त्याच्या नादी लागू नये. देवगडला माझ्या नणंदेच्या दारात अबोली, क्रोटन आणि सोनटक्का काही न करता माजतात. नागपूरला गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः भाजून निघतात. तिथे कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरायची, वर हिरवी जाळी बांधायची. नाहीतर सरळ बोगनवेल लावावी. तिला पाणी जरा तोडलं की ती उलट जास्तच फुलते.

सगळ्यात जास्त झाडं बळी जातात ती झोपेत. कॅलेडियमची गुलाबी-हिरवी पानं दिवाळीच्या आसपास माना टाकतात, महिन्याभरात कुंडी रिकामी दिसते आणि कुणीतरी ती ओतून टाकतं. खाली कंद शाबूत असतो. कुंडी आडवी करून कोपऱ्यात ठेवा, पाण्याचा थेंब देऊ नका. मे महिन्यात उकाडा वाढला की तो आपण होऊन कोंब काढतो. डेलियाची झोप नेमकी उलट, उन्हाळा-पावसाळ्यात. फुलं संपून पानं पिवळी पडली की दांडा वीतभर ठेवून छाटायचा आणि कंदांचा झुपका अलगद काढायचा. डोळा कंदावर नसतो, कंद दांड्याला जिथे चिकटतो त्या मानेपाशी असतो. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी उगवत नाही. कोरड्या वाळूत, सावलीत तो सप्टेंबरपर्यंत राहतो. कोलियसला तर एवढंही लागत नाही. निळसर तुरा दिसला की खुडायचा, नाहीतर झाड लाकडासारखं होऊन बुंध्याशी उघडं पडतं. जूनमध्ये शेंडे कापून लावले की नवी रोपं फुकट.

यातलं अवाक्षरही रोपवाटिकेत कुणी सांगत नाही. ‘मॅडम, उन्हात ठेवा, पाणी घाला’, हे उत्तर मला जिरॅनियमसाठी मिळालंय आणि सावलीत वाढणाऱ्या कॅलेडियमसाठीही. पिकांच्या सल्ल्यासाठी महाराष्ट्राचे नऊ हवामान विभाग कधीचे पाडलेले आहेत. फुलझाडाच्या पिशवीवर मात्र किमतीच्या चिठ्ठीखेरीज काही नसतं. त्या चिठ्ठीवर तीन ओळी हव्यात: झाड किती वर्षं जगतं, कधी झोपतं आणि कोकण, देश, विदर्भ यांपैकी कुठे चालतं. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात जानेवारीत लोक गर्दी करून डेलियाचे फोटो काढतात. तिथेच एक टेबल मार्चमध्ये काय करायचं हे सांगायला असावं.

चौथी ओळही हवी, धोक्याची. बहिणीने मागे मोठ्या कौतुकाने लटकत्या कुंडीचा फोटो पाठवला. डॉलर मोजून घेतलेली घाणेरी! तिच्याकडे ती पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत मरते, म्हणून निरुपद्रवी. आपल्याकडे तिला मारणारं काहीच नाही. सह्याद्रीपासून मेळघाटापर्यंत तिने रानं गिळली आहेत. रोपवाटिकेत तिचे पिवळे-जांभळे संकर मिळतात, मला ते दारात नकोत. रंगच हवा असेल तर कळलावी आहे की आपल्याच डोंगरातली. पावसाबरोबर कंदातून उगवते, पानांच्या टोकांनी आधार पकडत चढते, श्रावण-भाद्रपदात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते आणि दिवाळीनंतर जमिनीत गडप होते. कंद जहाल विषारी, तेव्हा लहान मुलं असतील तिथे नको. युरोपात ती काचघरात जपतात. आपल्या रोपवाटिकांत मात्र तिला शोधत हिंडावं लागतं.

सोसायटीच्या सभेत मी यंदा सीझनलचा खर्च निम्मा करा म्हणून सांगितलं आणि गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत कर्दळ सुचवली. शेंदरी, पिवळी, ठिपक्यांची, तांबूस पानांची. ‘कर्दळ? ती तर गटाराकाठी वाढते,’ चेअरमन म्हणाले. वाढतेच. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी करतात त्या वाफ्यांतही ती मुद्दाम लावतात. आमच्या सांडपाणी प्रकल्पाच्या (एसटीपी) टाकीमागे पावसाळाभर पाणी तुंबतं आणि आणलेलं प्रत्येक रोप तिथे कुजतं. पहिली ओळ तिथूनच सुरू करा, असं मी लेखी दिलंय.