न पाहिलेले मित्र

ज्याला डोळ्यांनी पाहिले नाही तो मित्र कसला, असा सवाल वडीलधारी मंडळी करतात आणि आमचे काही प्राध्यापकही त्यांच्या सुरात सूर मिसळतात. त्यात मुळीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. फेसबुकवर एका माणसाला ५००० पर्यंत मित्र करता येतात. त्यांतले किती जण आपण तापाने फणफणलो तर विचारपूस करतील, याचा हिशेब न मांडलेलाच बरा! पण यादी पोकळ म्हणून तिच्यातला प्रत्येक माणूस पोकळ, हा तर्क मला पटत नाही.

नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाचे उदाहरण घ्या. त्याला स्नायू झिजत जाण्याचा असाध्य आजार होता. चाकाची खुर्ची, घरातली एक खोली आणि संगणकावरचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ, एवढेच त्याचे जग. २०१४ साली, वयाच्या २५ व्या वर्षी, तो वारला. मुलाला मैत्री कधी लाभलीच नाही, हे आईवडिलांचे मोठे दुःख होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची वार्ता लिहिली आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. खेळात तो ‘इबेलिन’ या नावाने वावरत असे. या इबेलिनने कोणाला धीर दिला होता, कोणाचे रडगाणे रात्ररात्र ऐकले होते. नेदरलँड्समधील एका मैत्रिणीचा संगणक तिच्या पालकांनी काढून घेतला, तेव्हा या पठ्ठ्याने थेट त्या पालकांनाच पत्र लिहिले होते! त्याच्या अंत्यविधीला परदेशांतून काही सवंगडी आले. त्याच्यावर २०२४ साली माहितीपटही निघाला.

यावर आक्षेप येईल की, त्याने आपला आजार वर्षानुवर्षे लपवला, मग ही मैत्री खरी कशी? आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण ज्याच्याकडे पाहताक्षणी लोकांना आधी खुर्चीच दिसते, त्याला एकदा तरी खुर्चीवाचून ओळखले जावे असे वाटले, तर त्याला फसवणूक म्हणायचे काय? पैसे उकळण्यासाठी खोटा फोटो लावणारा भामटा आणि मॅट्स यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. शिवाय पुढे त्याने आपले दुखणे स्वतःच लिहून जाहीर केले, आणि तरीही माणसे टिकली.

आपल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर याचे नवल वाटू नये. जी. ए. कुलकर्णी धारवाडला माणसांपासून दूर राहिले, पण पत्रांतून त्यांनी केवढा स्नेह जोडला! सुनीता देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ हे २००३ सालचे पुस्तक वाचावे. भेटींपेक्षा पत्रांतून वाढलेल्या त्या जिव्हाळ्याला आपण खोटा म्हणत नाही, उलट त्याचे कौतुक करतो. मग पोस्टाचे तिकीट नाही एवढ्यावरूनच आजची मैत्री हलकी का ठरावी?

एक उणीव मात्र मान्य केलीच पाहिजे. मॅट्सची रोजची शुश्रूषा जवळ असणाऱ्या माणसांनाच करावी लागे. पडद्यापलीकडचा मित्र डबा घेऊन येऊ शकत नाही. म्हणून वसतिगृहातल्या शेजारच्या खाटेवरचा मित्र मी कधी सोडणार नाही. पण मॅट्सच्या आईवडिलांना मुलाचे मित्र तो गेल्यावर भेटले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ‘ठेव तो मोबाईल’ असे आमच्या घरांतून दिवसातून दहा वेळा ऐकू येते. पलीकडे कोण आहे, त्याचे गाव कोणते, त्याच्या घरी कोण कोण असते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.