गंगा कराराची मुदत अशीच संपू देऊ नका



भारत आणि बांगलादेश यांच्यातील गंगा पाणीवाटप कराराला १२ डिसेंबर २०२६ रोजी तीस वर्षे पूर्ण होतात आणि त्याच दिवशी त्याची मुदत संपते. हा करार आपोआप पुढे चालू राहत नाही. दोन्ही सरकारांची संमती असेल तरच त्याचे नूतनीकरण होते. मुदत संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १ जानेवारीला, पाणीटंचाईच्या पाच महिन्यांचे वाटप सुरू होते. तोवर सह्या झाल्या नाहीत, तर गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यातून कोणासाठी किती पाणी सोडायचे याचा नियमच उरणार नाही.

गंगा आपल्या शिवारातून वाहत नाही, मग आपण यात का पडायचे, असे कोणी विचारेल. करार केंद्र सरकार करते, आणि त्या सरकारला जाब विचारणाऱ्या लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे २ खासदार आहेत. शिवाय वरच्या धरणातून किती पाणी सुटले हे खालच्या गावाला वेळेत कळणे म्हणजे काय, हे कृष्णाकाठाला कोणी शिकवायला नको. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरची माणसे कोयना आणि अलमट्टीच्या विसर्गाचे आकडे विचारत होती. तिथे प्रश्न एकाच देशातल्या दोन राज्यांचा होता. इथे मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे.

पश्चिम बंगालमधला फराक्क्याचा बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. कोलकाता बंदर गाळाने भरत चालले होते. गंगेचे पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्याने भागीरथी-हुगळीत वळवून तो गाळ हटवायचा, हा त्यामागचा हेतू. पण हीच गंगा पुढे बांगलादेशात पद्मा होते. तिच्यापासून फुटणारी गोराई नदी खुलना भागाला आणि सुंदरबनाला गोडे पाणी पुरवते. उन्हाळ्यात पद्मेची पातळी उतरली की गोराईचे मुख वाळूने बुजते आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकते. भातखाचरे खारावतात, पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट सुरू होते, आणि ज्या झाडावरून सुंदरबनाला नाव मिळाले असे मानतात ते सुंदरीचे झाड शेंड्याकडून वाळू लागते.

करार नसेल तर काय होते, हे आपण एकदा पाहिले आहे. १९७७ चा पाच वर्षांचा करार आणि त्यानंतरचे तात्पुरते समझोते १९८८ मध्ये संपले, आणि पुढची आठ वर्षे दोन्ही देशांत कोणतेही बंधन नव्हते. ती पोकळी १२ डिसेंबर १९९६ रोजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा आणि शेख हसीना यांच्या सह्यांनी भरली. सूत्र साधे होते. फराक्क्याला ७०,००० क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मे-निम्मे. ७५,००० पर्यंत असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,००० आणि बाकीचे बांगलादेशाला. हिशोब दर दहा दिवसांचा. अगदी कडक उन्हाळ्यात, ११ मार्च ते १० मे, दोघांनाही आळीपाळीने ३५,००० क्युसेकची हमी. दोन्ही देशांची पथके एकत्र मोजमाप करतात. पाण्याचे आवर्तन ठाऊक असलेल्या आपल्या शेतकऱ्याला या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

करारात उणिवा आहेत, आणि त्या झाकून नूतनीकरण मागणे मला पटत नाही. वाटपाचा आधार १९४९ ते १९८८ या काळातली प्रवाहाची सरासरी आहे. त्यानंतर नदीही बदलली आणि हवामानही. प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेला तर दोघांनी तातडीने बोलावे एवढेच करार सांगतो. नदीसाठी म्हणून राखीव पाणी नाही. बंधाऱ्यामागे गाळ साठून पूर वाढतो, ही बिहारची तक्रार आहे. मालदा-मुर्शिदाबादमध्ये नदी गावे गिळते आहे. उन्हाळ्यातल्या प्रवाहाचा मोठा वाटा नेपाळमधल्या नद्या आणतात, तरी नेपाळ या टेबलावर नाही. या उणिवा दुरुस्त करायला करार जिवंत हवा. तुटलेल्या करारात काय दुरुस्त करणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता बदलली आणि दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानबरोबरचा सिंधू पाणीवाटप करार भारताने स्थगित केला, तेव्हापासून पाणी हे शिक्षेचे साधन आहे असे बोलणे सर्रास ऐकू येते. गंगेच्या बाबतीत तो विचार मला साफ चुकीचा वाटतो. पाणी अडवल्याची शिक्षा खुलन्याच्या शेतकऱ्याला होईल, ढाक्यातल्या नेत्याला नाही. आणि ब्रह्मपुत्रेवर वरच्या अंगाला चीन आहे. आज खालच्या देशाला जो न्याय आपण देऊ, तोच उद्या आपल्याला मागावा लागेल.

सामाईक नदी समजुतीने वापरणे जगात जमलेले आहे. सेनेगल नदीवरच्या मनांताली आणि दियामा धरणांची मालकी तिथल्या देशांनी सामाईक ठेवली आहे. आपल्याला निदान मोजमाप, मुदत आणि हमी यांवर तरी एकमत करता येईल.

म्हणून विनंती. आपापल्या खासदारांना या आठवड्यात मराठीत पत्र लिहा. ग्रामसभेत, महाविद्यालयात, पाणीवापर संस्थेत ठराव करा. मागण्या चारच ठेवा: १२ डिसेंबरपूर्वी नूतनीकरण किंवा निदान मुदतवाढ, फराक्क्याचे रोजचे आकडे सर्वांसाठी खुले, नदीसाठी राखीव प्रवाह, आणि बिहार, पश्चिम बंगाल व नेपाळ यांना चर्चेत स्थान. पत्राची एक प्रत केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाला पाठवा, आणि खासदारांनी हा प्रश्न संसदेत कधी मांडला हे त्यांना पुन्हा विचारा.