वाडीवाडीचा झोत

रत्नागिरी जिल्ह्यातले गाव एका पाराभोवती एकवटलेले क्वचितच असते. त्याची एक वाडी वहाळापलीकडे, दुसरी सड्याच्या कडेला, तर तिसरी डोंगराच्या कुशीत अशी विखुरलेली असते, आणि सड्यावरच्या मोबाइल मनोऱ्यातून निघणाऱ्या लहरी रुंद पट्ट्यात पसरून निर्मनुष्य कातळावर खर्ची पडत असता खोऱ्यातल्या माणसाला ‘रेंज’साठी घाटी चढावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडचा संपर्क तोडला, तेव्हा या उणिवेची तीव्रता सरकारदरबारीही कळली असेल.

मेटासरफेस नावाचा जो नवा अँटेना संशोधकांच्या हाती आला आहे, तो मला या मुलखासाठीच कल्पिल्यासारखा वाटतो. साडेतीन गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ८.५ सेंटिमीटर, त्याहून पुष्कळ लहान अशा धातूच्या ठशांच्या रांगा एका सपाट फलकावर छापलेल्या असतात, आणि प्रत्येक ठशाला जोडलेल्या चिमुकल्या डायोडवरचा विद्युद्दाब बदलला की तिथून निघणाऱ्या लहरीची कला (फेज) बदलते, त्यामुळे फलक जागचा न हलता झोत हव्या त्या दिशेला वळतो, इतकेच नव्हे, तर एकाच वेळी निरनिराळ्या वाड्यांकडे निरनिराळे झोत धाडता येतात. रूढ पद्धतीत यासाठी जवळजवळ प्रत्येक घटकामागे स्वतंत्र प्रेषकयंत्रणा लागते. इथे मोजक्या यंत्रणांवर शेकडो ठसे चालतात, म्हणून वीज वाचते. अर्थात जितक्या यंत्रणा तितकेच स्वतंत्र संदेश एका क्षणी जाणार, ही मर्यादा काटकसरीबरोबरच येते.

असाच फलक स्वतः लहरी न सोडता मनोऱ्याच्या लहरी केवळ वळवण्यासाठीही वापरता येतो, पण असा नुसता परावर्तक फलक मनोरा आणि वाडी यांच्या बरोबर मध्यावर टांगण्याची तजवीज मात्र कोणी करू नये. मनोरा ते फलक आणि फलक ते वाडी या दोन्ही टप्प्यांतली घट परस्परांशी गुणली जात असल्यामुळे तीच जागा सर्वांत वाईट ठरते. फलक मनोऱ्याजवळ असावा किंवा वाडीजवळ.

खाऱ्या वाऱ्यात डायोडचे सांधे किती टिकतात आणि भिजलेली आमराई किती लहरी गिळते, हे प्रयोगशाळेच्या बंद दालनात कळणार नाही. म्हणून पहिली चाचणी मुंबईच्या काचेच्या इमारतीवर न घेता संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यातल्या एखाद्या खोऱ्यात, ऐन जुलैत, इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन करावी, आणि जागेच्या मंजुरीचा कागद जिल्हाधिकारी कचेरीने पावसाळ्यापूर्वी हातावेगळा करावा.