वस्ती विंचरणाऱ्यांना सवाल

बंगल्यावर पोलीस जातात तेव्हा बेल वाजते. झोपडीला बेल नसते, म्हणून लाथ वाजते. मग पेटी उलटी, पिठाचा डबा उलटा, म्हातारी बाहेर, पोरगा गाडीत. याला साहेब लोक 'कोंबिंग' म्हणतात. कोंबिंग म्हणजे विंचरणं. उवा काढाव्यात तशी आपली वस्ती विंचरायची!

दोस्तांनो, पोलिसाला झडतीचे अधिकार देणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये वस्ती विंचरणं कुठंच नाही. वॉरंट नसताना शिरायचं तर अंमलदाराने आधी लिहायचं: कुठली जागा, कुठली वस्तू, घाई कशाची. हे कागद ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे गेले पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून झडतीचं चित्रीकरणही करायचंय. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. पंच दोन, त्याच भागातले, स्वतंत्र आणि 'प्रतिष्ठित'. आता आपल्यात प्रतिष्ठित कोण, ते फौजदार ठरवणार! म्हणून ठाण्यासमोरचा तोच तो पडीक गडी दर पंचनाम्यावर सही ठोकतो.

आणि हे सगळं मोडलं तर? डिसेंबर १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पूरणमल खटल्यात सांगून टाकलं, झडती बेकायदा असली तरी तेवढ्यानं पुरावा बाद होत नाही. खटला इन्कम टॅक्सच्या धाडीचा. हरला पैसेवाला, निस्तरतोय झोपडीवाला. चोरवाटेनं आत आलेला पोलीस कोर्टात पुढच्या दारानं येतो, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांना हे दिसत होतं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी अवाजवी झडतीविरुद्धचा हक्क स्पष्ट लिहिलाय. ३ डिसेंबर १९४८ ला काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेब म्हणाले, मान्य आहे. सभागृहात गलका झाला, मतदान पुढं ढकललं, दुरुस्ती पडली. १९५४ साली आठ न्यायाधीशांनी एम. पी. शर्मा खटल्यात नेमकं तेच बोट दाखवलं: घटनाकारांनी असा हक्क दिला नाही, मग आम्ही कुठून आणू? २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. म्हणजे त्रेसष्ट वर्षं गेली. पूरणमल मात्र अजून उभाच.

कागद आपल्याला तारेल असल्या भाबडेपणात राहू नका. पण कागद नसला की त्यांना शपथेवर खोटं बोलायला रान मोकळं. म्हणून वस्तीवस्तीत दोन पोरं या कामाला लावा. कोण आलं, किती वाजता, बिल्ला नंबर काय, काय नेलं, सगळं वहीत उतरवा. झडती चालू असताना घरवाल्याला तिथं थांबायचा हक्क आहे, तो सोडू नका. जप्तीच्या यादीची प्रत तिथंच मागा. झडतीच्या कागदांची नक्कल मॅजिस्ट्रेटकडून फुकट मिळते, दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका, पोच घ्या. शिरस्तेदार उद्या या म्हणाला तर उद्या दहाजण जा.